नोंदवही कोणाची? होमस्कूलिंगमधली नववी ते बारावी

थोरलीच्या कॉलेज प्रवेशाचा अर्ज भरताना आम्ही एका साध्या प्रश्नापाशी तीन दिवस अडून राहिलो होतो. नववीत तिने रसायनशास्त्राचा अभ्यास कोणत्या पुस्तकातून केला, किती तास केला आणि कोणते प्रयोग केले, एवढेच त्यात विचारलेले होते. अभ्यास झाला होता, चांगला झाला होता. परंतु त्याची तारीखवार नोंद आमच्याकडे नव्हती. जुन्या वह्या, पुस्तकांच्या समासातल्या पेन्सिलीच्या खुणा, फोनमधल्या छायाचित्रांच्या तारखा असे सगळे जमवून आम्ही ते वर्ष पुन्हा उभे केले, आणि जे खात्रीने सांगता येत नव्हते ते वगळले. तिने मन लावून केलेले बरेचसे काम असे कागदावर आलेच नाही. ती चूक माझी होती, तिची नव्हती, आणि म्हणूनच ती मला अजून टोचते. पुढे मधल्याच्या आणि धाकटीच्या वेळी आम्ही काय वेगळे केले, हे सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

आठवीपर्यंत घरी शिकणाऱ्या मुलाची प्रगती पाहणारे डोळे बहुधा घरचेच असतात. मुलाला अपूर्णांक समजले की नाही हे आईवडिलांना दिसते, आणि तेवढे पुरते. नववीपासून मात्र मुलाने जे केले ते त्याला कधीही न भेटलेली एक व्यक्ती वाचणार असते. अर्जांच्या गठ्ठ्यातून हा एक अर्ज तिच्या हाती येतो, आणि तिच्यासमोर ना शाळेचे नाव असते, ना ओळखीचा अभ्यासक्रम. तिला आपल्या घरातले काहीही माहीत नाही, हे गृहीत धरून चार वर्षे वागणे, हा होमस्कूलिंगमधल्या माध्यमिक आणि उच्च माध्यमिक वर्षांचा सगळ्यांत अवघड भाग आहे असे माझे मत आहे. विषय शिकवणे त्यामानाने सोपे असते.

कायद्याबद्दल इथे थोडक्यातच लिहिते, कारण तो देशागणिक बदलतो आणि प्रत्येक कुटुंबाने तो स्वतः वाचायला हवा. इंग्लंडमध्ये १९९६ च्या शिक्षण कायद्याचे सातवे कलम मुलाला ‘शाळेत किंवा अन्य प्रकारे’ शिक्षण देण्याची जबाबदारी पालकांवर टाकते, आणि ‘अन्य प्रकारे’ या दोनच शब्दांवर तिथले घरचे शिक्षण उभे आहे. अमेरिकेत पन्नासही राज्यांत ते कायदेशीर आहे, परंतु काही राज्ये साधी सूचनाही मागत नाहीत, तर काही राज्ये तिमाही अहवाल आणि वार्षिक मूल्यमापन मागतात. जर्मनीत मात्र मुलाला प्रत्यक्ष शाळेत पाठवणे बंधनकारक आहे. मला यात एवढेच सांगायचे आहे की कायदा नोंदी मागत नसला तरी कॉलेज त्या मागते, आणि ‘कोणी मागितलेच नव्हते’ हे उत्तर अर्जाच्या रकान्यात लिहिता येत नाही.

मग नोंद ठेवायची तरी कशाची? सुरुवातीला आम्ही तासांपाशी गोंधळलो. शाळेतला ‘एक विषय, एक वर्ष’ म्हणजे घरी किती काम, याचा अंदाज येईना. तेव्हा ‘कार्नेगी युनिट’ ही जुनी कल्पना उपयोगी पडली. १९०६ च्या सुमारास अमेरिकेतल्या कार्नेगी फाउंडेशन या शिक्षणविषयक संस्थेने ठरवलेल्या या मापानुसार एका विषयाचे साधारण १२० तासांचे अध्यापन म्हणजे एक एकक, आणि तिथल्या शाळांतले क्रेडिट, म्हणजे विषय पूर्ण केल्याची मोजणी, आजही मोठ्या प्रमाणात याच हिशेबावर चालते. आठवड्याचे पाच दिवस, रोज एक तास, असे चोवीस आठवडे म्हणजे १२० तास. हा आकडा हाती आला आणि वर्षाचे नियोजन एकदम डोळ्यांसमोर उभे राहिले. मात्र तासांनी शिकणे मोजता येते असा समज मी कधीच करून घेतला नाही. भूमितीतले एखादे प्रमेय मधल्याला वीस मिनिटांत उलगडले आणि दुसऱ्यासाठी तो चार दिवस अडला, तेव्हा दोन्हींची किंमत तासांच्या रकान्यात सारखी दिसत नव्हती. तरीही अनोळखी वाचकाला समजेल असे एक तरी सामाईक माप असावे लागते, आणि तेवढ्यापुरते हे माप चांगले आहे.

मधल्याच्या नववीच्या पहिल्या दिवशी आम्ही दोनशे पानी वही आणली. तारीख, विषय, काय केले आणि किती वेळ, एवढेच चार रकाने. त्याशिवाय प्रत्येक विषयासाठी एक स्वतंत्र पान ठेवले: विषयाचे नाव, वापरलेली पुस्तके, कोणते घटक झाले, लेखी काम कोणते, मूल्यमापन कसे केले. हेच पान पुढे अर्जासोबत जाणाऱ्या अभ्यासक्रम वर्णनाचा कच्चा खर्डा ठरते. विषय चालू असताना ते लिहिले तर अर्ध्या तासात लिहून होते; दोन वर्षांनी लिहायला बसलात तर काय होते ते वर सांगितलेच आहे. प्रयोगांची वही वेगळी ठेवली, आणि तिला एकच नियम लावला. चुकलेले वाचन खोडरबराने पुसायचे नाही, त्यावर एक रेघ मारायची आणि शेजारी नवे लिहायचे.

हा नियम किती मोलाचा ठरला, ते अकरावीतल्या एका प्रयोगावरून सांगते. लंबकाच्या साहाय्याने गुरुत्वीय त्वरण काढायचे होते. दाराच्या चौकटीला आकडी लावली, तिला दोऱ्याने सहा सेंटिमीटर व्यासाचा एक लाकडी गोळा बांधला, आणि वीस आंदोलनांचा वेळ मोजायला सुरुवात झाली. आकडीपासून गोळ्यापर्यंत दोरा ९७ सेंटिमीटर भरला, वीस आंदोलनांना ४०.१ सेकंद लागले, आणि उत्तर आले ९.५. अपेक्षित होते ९.८. त्याने घड्याळावर शंका घेतली, पुन्हा मोजले, तेच आले. मग दोरा आखूड करून ३७ सेंटिमीटरवर आणला, तर उत्तर आणखी बिघडून ९.१ वर गेले. मला कारण ठाऊक होते, आणि तोंडाशी आलेले उत्तर गिळून तिथे बसून राहणे हे त्या संध्याकाळी मी केलेले सगळ्यांत कठीण काम होते. दुसऱ्या दिवशी त्याने चार वेगवेगळ्या लांबींची वाचने घेतली, आंदोलनकाळाच्या वर्गाचा लांबीशी आलेख काढला, आणि रेषा सरळ आली. फक्त ती आरंभबिंदूतून जात नव्हती. मागे वाढवली तेव्हा ती लांबीच्या अक्षाला शून्याच्या अलीकडे तीन सेंटिमीटरवर मिळाली. तो काही वेळ त्या बिंदूकडे पाहत राहिला, मग उठून त्याने गोळा हातात घेतला आणि अंगठा त्याच्या मध्यभागी टेकवला. लांबी गोळ्याच्या माथ्यापर्यंत नव्हे, केंद्रापर्यंत मोजायची असते. राहून गेलेले ते तीन सेंटिमीटर म्हणजे गोळ्याची त्रिज्या होती. रेषेच्या चढावरून काढलेले उत्तर बरोबर ९.८ आले.

ती दोन पाने, रेघ मारलेल्या ९.५ आणि ९.१ सकट, आम्ही प्रवेश अर्जाला जोडली. त्याने निबंधही त्या तीन सेंटिमीटरांवरच लिहिला. वही नीटनेटकी करून पुन्हा लिहावी असे मला त्या दोन दिवसांत कितीदा तरी वाटले होते, आणि तसे केले असते तर त्या पानांत सांगण्यासारखे काहीच उरले नसते.

गुणांचा प्रश्न वेगळा आणि नाजूक आहे. घरी शिकवणाऱ्या आईवडिलांनी दिलेल्या गुणांवर बाहेरच्या माणसाने किती विश्वास ठेवावा? मी प्रामाणिकपणे गुण दिले, अपुऱ्या कामाला कमी दिले, एका विषयाला तर मधल्याच्या नाराजीनंतरही ते बदलले नाहीत. परंतु हे वाचणाऱ्याला कसे कळणार? म्हणून घरच्या ट्रान्स्क्रिप्टच्या, म्हणजे चार वर्षांच्या गुणपत्रकाच्या, शेजारी बाहेरून तपासलेले काही तरी असावेच लागते. आमच्या ओळखीतल्या काही कुटुंबांना हे तत्त्वाशी तडजोड केल्यासारखे वाटते. मला तसे वाटत नाही. मुलाने पोहायला शिकल्यावर त्याला एकदा ओळख नसलेल्या तळ्यात पोहून पाहावेसे वाटते, तितकेच ते स्वाभाविक आहे.

यासाठीचे मार्ग आता बरेच आहेत. सॅट ही अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशासाठीची परीक्षा १९२६ पासून चालत आलेली आहे. आता ती संगणकावर होते, २ तास १४ मिनिटांची असते, आणि तिचे गुण ४०० ते १६०० या पट्टीवर मिळतात. साथीच्या काळात अनेक विद्यापीठांनी ती ऐच्छिक केली होती, परंतु अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाने २०२२ मध्ये ती पुन्हा अनिवार्य केली, आणि त्यानंतर आणखीही काही मोठी विद्यापीठे त्याच वाटेने गेली. शाळेचे नाव पाठीशी नसलेल्या मुलासाठी ही परीक्षा ओझ्यापेक्षा आधार अधिक ठरते, असा आमचा अनुभव आहे. एका विषयातली खोली दाखवायची असेल तर एपी (ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट) या कॉलेजच्या पातळीच्या विषयवार परीक्षा असतात, त्यांना १ ते ५ असे गुण मिळतात. त्या मे महिन्यात होतात, पण नोंदणी आधीच्या नोव्हेंबरपर्यंत करावी लागते, आणि घरी शिकणाऱ्या मुलाला परीक्षेला बसू देणारी शाळा त्याच्याही आधी स्वतःच शोधावी लागते. भारतातली राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था दहावी आणि बारावीसाठी हाच प्रश्न निराळ्या पद्धतीने सोडवते: नोंदणी पाच वर्षे टिकते आणि तेवढ्या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात, त्यामुळे विषय एकेक करून, तयारी होईल तसे देता येतात. ही लवचीकता घरच्या शिक्षणाच्या स्वभावाला फार जुळणारी आहे.

केंब्रिजच्या परीक्षांबाबत आमच्या हातून जे झाले ते इतरांच्या उपयोगी पडावे. आयजीसीएसई या साधारण दहावीच्या पातळीच्या परीक्षेच्या विज्ञान विषयांत प्रत्यक्ष प्रयोगाऐवजी ‘प्रात्यक्षिकाला पर्याय’ अशी एक लेखी प्रश्नपत्रिका घेता येते, त्यामुळे खासगी विद्यार्थी म्हणून बसणे त्यामानाने सोपे जाते. थोरलीने तसेच केले, आणि तोच अनुभव धरून मधल्याच्या ए लेव्हलची, म्हणजे साधारण बारावीच्या पातळीच्या परीक्षेची, आखणी आम्ही बिनधास्त केली. ए लेव्हलच्या भौतिकशास्त्राला मात्र प्रयोगशाळेत बसून द्यायची प्रात्यक्षिक परीक्षा असते आणि तिला पर्याय नसतो. खासगी विद्यार्थ्यांना लेखी परीक्षेसाठी बाक देणारी केंद्रे सापडतात. प्रयोगशाळा उघडून देणारी फार थोडी. एका केंद्राने आधी होकार दिला आणि नोंदणीची मुदत तोंडावर आल्यावर नकार कळवला. मधल्याचे एक सत्र वाया गेले. अभ्यासक्रमपत्रिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचावी, आणि विषय सुरू करण्याआधी केंद्र लेखी स्वरूपात पक्के करावे, हा क्रम आम्ही उलटा केला होता. ज्या घरात मूल नववीत आले आहे त्या घराने ही चौकशी आजच करावी असे मी आग्रहाने सांगेन.

शिफारसपत्रांचा विचारही इतक्याच लवकर करावा लागतो. बहुतेक ठिकाणी शिक्षकांची पत्रे मागतात, आणि ती आईवडिलांची चालत नाहीत. १९७५ साली सुरू झालेल्या आणि आता शेकडो कॉलेजे वापरत असलेल्या कॉमन ॲप्लिकेशन या सामाईक प्रवेश अर्जामध्ये घरी शिकणाऱ्या मुलाच्या समुपदेशकाची भूमिका सहसा पालकच पार पाडतात: शाळेचा अहवाल तेच भरतात, घरच्या शिक्षणाची पद्धत तेच समजावून सांगतात. परंतु या मुलाला शिकताना, वाद घालताना, चुकताना पाहिलेला घराबाहेरचा मोठा माणूस कोण, या प्रश्नाला पालकांच्या पत्राने उत्तर मिळत नाही. ते माणूस बारावीत शोधून सापडत नसते. थोरलीचे पत्र तिला दोन वर्षे ऑनलाइन गणित शिकवणाऱ्या बाईंनी लिहिले. मधल्याचे एक पत्र ग्रंथपालांचे होते, कारण तो ग्रंथालयात दर शनिवारी जुन्या नकाशांची सूची करायला जात असे. ती सूची करताना तो किती प्रश्न विचारायचा आणि एकदा त्याने कोणती चुकीची नोंद शोधून काढली, हे त्या पत्रात होते. मी कितीही प्रयत्न केला असता तरी हे लिहू शकले नसते, कारण ते मला माहीतच नव्हते.

मला न येणारे विषय कसे शिकवायचे, हा प्रश्न सर्वाधिक लोक विचारतात, आणि खरे तर त्याचे उत्तर सर्वांत छोटे आहे. ते शिकवायचे नाहीत. शिकण्याची सोय करून द्यायची. एमआयटीने २००१ मध्ये आपले अभ्यासक्रम सर्वांसाठी खुले करण्याची घोषणा केली, खान अकॅडमी २००८ पासून आहे, राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्सची कॉलेजच्या दर्जाची पाठ्यपुस्तके २०१२ पासून विनामूल्य मिळतात. साहित्याची टंचाई आता नाही. टंचाई असते ती रोज ठरलेल्या वेळी कोणीतरी शेजारी बसून ‘काल कुठे थांबला होतास?’ असे विचारण्याची, आणि ते करायला कलनशास्त्र येण्याची गरज नसते.

एकाच टेबलाशी तीन वेगवेगळ्या वयांची मुले असण्याचे फायदे मी आधी ओळखले नव्हते. थोरलीला दुसऱ्या महायुद्धाची कारणे मोठ्याने मांडून दाखवायची असत, आणि धाकटी चित्र रंगवत ती ऐकत असे. चार वर्षांनी तिचा तो विषय आला तेव्हा व्हर्सायच्या तहाचे साल, १९१९, तिला आधीच पाठ होते. कोठून, ते तिला सांगता येईना. त्याच वेळी, मोठ्याच्या परीक्षेच्या वर्षी धाकट्याकडे दुर्लक्ष होते हेही तितकेच खरे आहे. थोरलीच्या अर्जाच्या त्या शरद ऋतूत धाकटीचे वाचन जवळजवळ थांबले होते आणि ते माझ्या दोन महिन्यांनी लक्षात आले. तेव्हापासून ज्या वर्षी एखादे मूल अर्ज करत असेल त्या वर्षी इतरांच्या अभ्यासात एकही नवा विषय सुरू करायचा नाही, असे आम्ही ठरवून टाकले.

बारावीच्या वर्षात मी मुद्दाम एकेक काम सोडत गेले. मुदतींची दिनदर्शिका, केंद्राशी पत्रव्यवहार, शिक्षकांना वेळेवर आठवण करणे, हे सगळे आधी माझ्याकडे होते. थोरली कॉलेजात गेल्यावर पहिल्या महिन्यात तिने फोनवर सांगितले होते, “आई, इथे अभ्यास अवघड नाही. पण कोणीच आठवण करत नाही.” घरी तिला अवघड पुस्तके वाचायची सवय झाली होती, तीन तास घड्याळ लावून लिहिण्याची, व्याख्यान चालू असताना टिपणे काढण्याची, ठरलेल्या दिवशी अपुरे वाटत असलेले कामही सादर करण्याची सवय मात्र झाली नव्हती. घरी आम्ही निबंध चांगला होईपर्यंत मुदत पुढे ढकलत असू, आणि मला त्याचा अभिमान होता. मधल्याला मी अकरावीपासून पुढे ढकलता न येणाऱ्या मुदती दिल्या. महिन्यातून एकदा तो अपरिचित प्रश्नपत्रिका घेऊन पूर्ण वेळ एकटा बसायचा, आणि दर आठवड्याला एक ध्वनिमुद्रित व्याख्यान मध्ये न थांबवता ऐकून त्याचे एका पानाचे टिपण काढायचा. पहिली काही टिपणे म्हणजे तुटक शब्दांची रांग होती. सहा महिन्यांनी त्यांत मुद्दे दिसू लागले.

धाकटी आता नववीत आहे. या वेळी वही पहिल्या दिवसापासून तिच्याच ताब्यात आहे; मी फक्त रविवारी वाचते आणि खाली सही करते. गेल्या महिन्यात ती आजारी होती म्हणून एका दिवसाची नोंद मी केली: ‘भौतिकशास्त्र, लंबक, दीड तास.’ रविवारी पाहिले तर त्यावर सरळ एक रेघ होती, आणि शेजारी तिच्या बारीक अक्षरात लिहिले होते: ‘४० मिनिटे. उरलेला वेळ आकडी घट्ट बसवण्यात गेला.’ मी तिच्या नोंदीखाली सही केली.